मोसंबी-अननस बायोएन्झाईम: आज गाळलं, अपडेट देतोय

मंडळी, बायोएन्झाईमची, म्हणजे फळांच्या साली गूळ-पाण्यात तीन महिने आंबवून केलेल्या घरगुती सफाईच्या पाण्याची, उन्हाळ्यात लावलेली मोठी बॅच आज गाळली. प्रमाण आपलं नेहमीचंच, गूळ 1, साली 3, पाणी 10, म्हणजे 20 लिटरच्या प्लास्टिक कॅनमध्ये 10 लिटर पाणी, 3 किलो साली, किलोभर काळा गूळ आणि वर मोकळी जागा सोडलेली, कारण पहिला महिना गॅस जाम होतो. काचेची बरणी कृपया कुणी घेऊ नका, झाकण घट्ट राहिलं तर फुटते. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून मग वापरलं, क्लोरीन उडून जावा म्हणून.

साली कोपऱ्यावरच्या ज्यूसवाल्या दादांकडून, रोज गोणीभर कचरागाडीत जायच्या त्या. यावेळी दोन भाग मोसंबी आणि एक भाग अननस असं मुद्दाम केलं. नुसत्या मोसंबी-संत्र्याच्या सालीत लिमोनीन नावाचं वासाचं तेल इतकं असतं की यीस्ट दबून राहतं आणि बॅच रेंगाळते, अननसाच्या सालीवर मात्र यीस्टही असतं आणि साखरही, त्यामुळे फसफस लगेच सुरू झाली. रोज झाकण सैल करून गॅस सोडायचा आणि वर तरंगणाऱ्या साली लाकडी चमच्याने खाली दाबायच्या, एवढंच काम. आधी दारूसारखा वास, मग हळूहळू आंबट. वर पांढरी साय आली तर घाबरू नका, ती चालते. काळी किंवा हिरवी बुरशी दिसली तर मी ती बॅच ठेवत नाही.

आज पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) पट्टीवर साडेतीनच्या आसपास आला, रंग गडद तपकिरी, वास छान व्हिनेगरसारखा. आता माझं स्पष्ट मत: आपण याला एन्झाईम म्हणतो पण साफसफाईचं बरंचसं काम ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, करतं. यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं, नंतर हवेच्या मदतीने बॅक्टेरिया त्याचं ॲसिड करतात. अननसात प्रोटीन तोडणारं ब्रोमेलिन असतं हे खरं, पण एवढ्या आंबट पाण्यात तीन महिने ते किती शाबूत राहत असेल यावर माझा भरवसा नाही.

हे एवढं सांगतोय कारण आपल्याकडे घरोघरी शहाबादी फरशी आणि कडप्प्याचा ओटा असतो. दोन्ही चुनखडीचे दगड, संगमरवरही त्यातलाच. ॲसिड लागलं की पॉलिश जातं, पांढरट डाग पडतो आणि तो पुसून निघत नाही!! त्यावर हे नकोच, पातळ करूनही नको. सिरॅमिक टाईल्स, बाथरूमच्या बादल्यांवरचा खाऱ्या पाण्याचा थर, बेसिन, इथे मस्त चालतं, अर्धा कप अर्ध्या बादलीत. आणि ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचच्या लिक्विडमध्ये कधीच मिसळू नका, क्लोरीन गॅस सुटतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

भांड्यांसाठी रिठ्याचं उकळलेलं पाणी घालून वेगळी बाटली केलीये, फेस रिठ्याचा आणि तेलकटपणाही तोच काढतो.

चोथा फेकला नाही, त्यातला मूठभर नवीन कॅनमध्ये विरजण म्हणून टाकलाय, बाकीचा कंपोस्टमध्ये सुक्या पानांसोबत थोडा थोडा. नवीन बॅचमध्ये पपईच्या साली आहेत, कुणी लावली असेल तर पीएच किती आला ते नक्की सांगा.