आमची वाटचाल : चितार ओळीतून

नागपूरच्या महाल भागातल्या चितार ओळीत, म्हणजे मूर्तिकारांच्या वस्तीत माझा जन्म झाला. पोळा जवळ आला की घरात पाय ठेवायला जागा नसायची, जिन्याखालीसुद्धा गणपती. माती मळणं, काथ्या पिंजणं, पाटाला रंग देणं ही आम्हा मुलींची कामं. डोळे मात्र बाबाच आखायचे आणि त्यांच्यानंतर दादा आखणार, हे ठरलेलं. मला डोळे आखायचे होते. आमच्या पुतळ्यांच्या कारखान्याची सुरुवात मी तिथूनच धरते.

शिल्पकलेला प्रवेश घेतला, तेव्हा कॉलेजच्या वाचनालयातल्या पुस्तकात शिल्पकार मीरा मुखर्जी भेटल्या. १९२३ साली जन्मलेली ही बंगाली बाई म्युनिकला शिकून आली आणि मग बस्तरच्या घडव्यांजवळ, म्हणजे धातूच्या मूर्ती ओतणाऱ्या आदिवासी कारागिरांजवळ बसून ओतकाम शिकली. बस्तर आपल्याला काही फार लांब नाही! मीही ओतकाम शिकायचं ठरवलं.

लग्नानंतर मागच्या अंगणात टिनाचं शेड टाकलं. आईच्या पाटल्या गहाण पडल्या. सुरुवातीला ट्रॉफ्या केल्या, फायबरचे अर्धपुतळे केले. दीक्षाभूमीचं हे शहर, त्यामुळे बुद्धमूर्तींनी आम्हाला जगवलं.

पहिला सहा फुटी पुतळा मात्र मे महिन्यात हाती आला. नागपूरचा मे म्हणजे ४५ अंश. ओली माती दर दोन तासांनी शिंपडून गोणपाटात गुंडाळावी लागते. मुलगी सहा महिन्यांची होती, तिला ताप भरला आणि एक रात्र मी शेडकडे फिरकले नाही. सकाळी गोणपाट काढलं तर खांद्यापासून कमरेपर्यंत भेग, छातीची माती खाली आणि आतली सळई उघडी. बावीस दिवसांचं काम होतं. सांगाड्याला तारेनं लाकडी फुल्या टांगतात, त्यांच्यावर माती धरून राहते. मी त्या कमी बांधल्या होत्या. चूक माझीच. त्यानंतर फुल्या बांधायचं काम मी कुणावर सोडलेलं नाही.

लोक शेडमध्ये येतात आणि मला विचारतात, "ताई, मूर्तिकार कुठं आहेत?" याची सवय झाली. पण एका गावी अनावरणाला गेले, तर चौथऱ्याच्या पाटीवर शिल्पकार म्हणून माझ्या यजमानांचं नाव. ते बँकेत नोकरी करतात. समितीचे लोक म्हणाले, "एकाच घरचं नाव आहे ना!" त्या रात्री मी जेवले नाही. तेव्हापासून माती ओली असतानाच टाचेजवळ कोरणीनं नाव लिहिते. ते साच्यात उतरतं, मेणात उतरतं आणि शेवटी ब्राँझमध्ये.

२०२० साली सार्वजनिक गणपतीला चार फुटांची मर्यादा आली, ओळीचा हंगाम बुडाला. बाबांचा हात तोवर कापायला लागला होता. त्या वर्षीच्या शाडूच्या मूर्तींचे डोळे मी आखले. बाबा शेजारी बसून होते, एकदाही मध्ये बोलले नाहीत.

सध्या शेडमध्ये सावित्रीबाईंचा नऊ फुटी पुतळा मातीत उभा आहे. समितीनं दिलेल्या चित्रात नऊवारीच्या निऱ्या चुकीच्या आहेत. माझ्या आजीनं जन्मभर नऊवारीच नेसली, मी निऱ्या तिच्यासारख्या घेतल्या. मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता मिळायची आहे, तोवर दर दोन तासांनी पाणी.