जपानी अडली की जर्मन, जर्मन अडली की जपानी

एका वेळी दोन परकीय भाषा शिकू नयेत, हा सल्ला पुण्यात भाषेच्या क्लासला जाणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी मिळतो. मलाही मिळाला, आणि देणाऱ्यांची कळकळ खरी होती. तरीही मी जपानी आणि जर्मन बरोबरीनं शिकते आहे. माझा उत्साह टिकला तो दोन भाषा असूनही नव्हे, तर दोन होत्या म्हणूनच, असं मला आता ठामपणे वाटतं.

कारण नोकरीचं. चाकणच्या एका कारखान्यात मी क्वालिटी विभागात आहे आणि आमचे सुटे भाग जपानी आणि जर्मन अशा दोन्ही ग्राहकांकडे जातात. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके ही कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याच्या जपानी फाइव्ह-एस पद्धतीची पाटी शॉप फ्लोअरवर रोज दिसायची. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या जपानी टिपांसाठी मात्र भाषांतराची वाट बघावी लागायची. त्या आपल्या आपण वाचता याव्यात, एवढ्याच इच्छेनं जपानी सुरू केली. जर्मन ऑडिटर येऊ लागले तशी जर्मनचीही ओढ लागली. पण जपानीची एन-फोर परीक्षा (एन-फाइव्ह सगळ्यात सोपी, एन-वन सगळ्यात अवघड) झाल्यावरच जर्मनच्या ए-वन या पहिल्या पातळीच्या बॅचला नाव घातलं; तिच्यापुढे ए-टू, बी-वन, बी-टू अशा पायऱ्या. हे अंतर फार महत्त्वाचं आहे. दोन्ही भाषांत एकदम कोरी पाटी असेल तर टिकून राहणं कठीण.

सुरुवातीला जपानीनं भरभरून दिलं, आणि त्याचं श्रेय मराठीला आहे. त्यांच्या अक्षरांचा क्रम अ-इ-उ-ए-ओ, मग का-सा-ता-ना-हा-मा. तो आपल्या वर्णमालेच्या ओळखीचा वाटतो, कारण बौद्ध भिक्षूंबरोबर सिद्धम् या भारतीय लिपीतून तिकडे गेलेल्या वर्णविचाराचाच त्यावर प्रभाव आहे. क्रियापद शेवटी, विभक्ती शब्दाच्या मागे, हेही आपल्यासारखंच. आणि ‘ताबेते मिरु’ म्हणजे शब्दशः ‘खाऊन पाहणे’, ‘काइते ओकु’ म्हणजे ‘लिहून ठेवणे’! इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्याला यासाठी वेगळा नियम पाठ करावा लागतो. आपल्याला तो आईच्या बोलण्यातून आधीच मिळालेला असतो. सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या जपानीच्या शिक्षकांनी, हा धडा घेतला त्या दिवशी वर्गातली सगळी मराठी मुलं एकदम खुलली होती.

मग एन-थ्रीची भिंत आली. जीवन, जन्म, कच्चेपणा असे अर्थ वाहणारं एकच कांजी, म्हणजे चिनीतून आलेलं अक्षरचिन्ह, त्याचा उच्चार कुठे ‘सेइ’, कुठे ‘शोउ’, कुठे ‘नामा’. नित्य वापराची म्हणून ठरवलेली कांजीच 2136 आहेत. एन-थ्रीला त्यातला लहान हिस्साच लागतो, पण तेवढ्यातही आज पाठ केलेलं परवा पुसलं जातं. पुढे सरकतोय याची कसलीच खूण दिसत नाही. माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणांनी इथेच जपानी सोडली.

नेमक्या त्याच काळात माझी जर्मन ए-वनच्या टप्प्यावर होती, म्हणजे दर आठवड्याला काहीतरी नवं बोलता येत होतं. लिपी रोमन, शब्द भराभर साठत होते. संध्याकाळी कांजीनं हताश केलं की कंपनीच्या बसमध्ये मी डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या लावायची. त्यातलं एखादं अख्खं वाक्य कळलं की आपल्याला भाषा जमते हा विश्वास परत यायचा, आणि त्या विश्वासावर मी पुन्हा कांजीची वही उघडायची.

पुढे हे उलटंही झालं. ए-टूमध्ये जर्मनची विभक्ती अंगावर आली. चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी, आणि वाक्यातलं काम बदललं की नामाआधी येणाऱ्या ‘देर’ या आर्टिकलचं ‘देन’ नाही तर ‘देम’ होणार. तीन लिंगं आपल्याला परकी नाहीत. उंबरा तो, भिंत ती, दार ते, हे कुणी कारण देऊन शिकवलं नव्हतं. ‘मुलगा’चं ‘मुलाला’ होताना आपल्याकडे नाम बदलतं, तिकडे मुख्यतः आर्टिकल बदलतं, इतकं कळलं तरी भीती अर्धी होते. पण कळणं वेगळं आणि बोलताना जिभेवर येणं वेगळं. जर्मन अशी थबकली तेव्हा जपानीत साठलेली कांजी हळूहळू एकमेकांना जोडली जायला लागली होती. एनएचके या जपानी प्रसारण संस्थेच्या सोप्या जपानीतल्या बातम्या शब्दकोश न उघडता वाचता आल्या, आणि त्या आनंदावर जर्मनचे रखडलेले आठवडे निभावले.

म्हणून समान वेळेचं वेळापत्रक मी कधी केलं नाही. जेएलपीटी, म्हणजे एन-फोर, एन-थ्री या पातळ्यांची जपानीची परीक्षा, वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. तिच्या आधीचे साधारण तीन महिने जपानी मुख्य असते आणि जर्मनला रोज दहा-पंधरा मिनिटं, तीही फक्त ऐकण्याची. परीक्षा झाली की अदलाबदल. दुय्यम भाषेची ती थोडी मिनिटं मात्र चुकवायची नाहीत, मग घरी पाहुणे असोत की ऑडिट असो. पूर्ण बंद पडलेली भाषा पुन्हा सुरू करायला जेवढं बळ लागतं, तेवढं कशालाच लागत नाही.

सरमिसळ होते का, हे सगळेच विचारतात. होते, पण व्याकरणात फारशी नाही. गडबड करतात ते छोटे भरीचे शब्द. जर्मनमध्ये ‘पण’ म्हणायचं असतं आणि तोंडातून जपानीतलं ‘देमो’ निघतं, अडखळलं की ‘एएतो’. मी दोन भाषांच्या जागाच वेगळ्या केल्या. जर्मन प्रवासात आणि बोलून, जपानी घरी टेबलाशी आणि लिहून. त्यानं बराच फरक पडला. स्पॅनिश आणि पोर्तुगीजसारख्या सख्ख्या बहिणी असत्या, तर हा उपाय पुरला असता असं वाटत नाही.

माणसांचा आधार तर सगळ्यात मोठा. माझ्या जर्मन बॅचमध्ये लातूर आणि सांगलीकडच्या नर्स होत्या. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून जर्मनीला जायचा विचार गावोगाव पोचला आहे. नर्स म्हणून मान्यता मिळवायला तिथे साधारणपणे बी-टू पातळीची जर्मन लागते, त्यामुळे या मुलींसाठी जर्मन म्हणजे घराचं कर्ज आणि धाकट्या भावंडांचं शिक्षण होतं. रात्रपाळी करून त्या सकाळी वर्गाला यायच्या. एकदा मी दमून गप्प बसले होते, तर त्यातली एक म्हणाली, ‘ताई, आज तुम्ही रुग्ण व्हा, मी नर्स होते, चला बोलू.’ संपूर्ण सराव तिनं ओढून नेला. तिच्या शेजारी बसून कंटाळा आला असं म्हणणं मला शक्यच नव्हतं.

आता पुढची आखणी ठरली आहे. डिसेंबरच्या एन-थ्रीचा अर्ज भरलाय. तिथे एकूण 180 पैकी 95 लागतात, शिवाय तिन्ही विभागांत प्रत्येकी किमान 19, म्हणजे श्रवण चांगलं असून भागत नाही. माझं लक्ष सध्या वाचनावर आहे. ग्योथे इन्स्टिट्यूटच्या जर्मन बी-वन परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण ही चार मॉड्यूल सुटी सुटी देता येतात आणि प्रत्येकात 60 टक्के मिळवावे लागतात. संभाषण मी आधी देणार आहे, जानेवारीनंतर. त्या नर्सताईंनी सरावाला यायचं कबूल केलंय, फक्त त्यांची पाळी कुठली असेल ते बघून वेळ ठरवायची.