प्रागच्या घड्याळासमोर पंचांग घेऊन उभं राहावं

प्रागच्या ओल्ड टाउन चौकात, जुन्या टाउन हॉलवरच्या खगोलीय घड्याळाचा दर तासाचा ठोका पडून गेला की निरनिराळ्या भाषांत एकच वाक्य ऐकू येतं: "झालं? एवढंच?" आम्ही तिथे होतो तेव्हा ते मराठीतही ऐकू आलं, आणि मला मनापासून वाईट वाटलं. लोक खिडक्यांकडे बघत उभे असतात आणि खरं घड्याळ त्यांच्या नाकासमोर चालू असतं.

खिडक्यांत दिसतं ते असं: सकाळी ९ ते रात्री ११, दर तासाला वरच्या दोन झडपा उघडतात आणि येशूच्या बारा प्रेषितांच्या मूर्ती फिरून जातात. उजवीकडचा हाडांचा सापळा दोरी ओढतो, शेवटी कोंबडा आरवतो, तास पडतो. सगळं मिळून मिनिटभरही नाही. त्यासाठी वीस मिनिटं गर्दीत मान वर करून उभं राहायचं, आणि पाकीटमारांना नेमकी तीच वेळ सोयीची. मुलांना प्रेषित बघायचेच असतील तर जुन्या टाउन हॉलचं तिकीट काढा. आतल्या प्रार्थनाघरातून हेच प्रेषित मागच्या बाजूने, हातभर अंतरावरून फिरताना दिसतात. मनोऱ्यावर लिफ्टने जाता येतं, बाबागाडीसकट.

घड्याळ मात्र सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान बघा. प्रेषितांचे खेळ सुरू झालेले नसतात, चौक रिकामा असतो आणि तबकडी शांतपणे वाचता येते. हे यंत्र १४१० सालचं, कादानच्या मिकुलाश नावाच्या घड्याळजीने केलेलं. गणित यान शिंडेल या खगोलज्ञाचं. (हे घड्याळ हानुश नावाच्या कारागिराने केलं आणि पुन्हा दुसरं करू नये म्हणून त्याचे डोळे काढले, अशी कथा अजूनही सांगतात. ती खोटी आहे.)

आता वाचायचं कसं. सोनेरी हाताचा काटा रोमन आकड्यांवर आपली नेहमीची वेळ दाखवतो. त्याच्या बाहेर काळ्या पट्टीवर सोनेरी, वळणदार जुन्या जर्मन लिपीतले १ ते २४ आकडे आहेत. हे जुने बोहेमियन, म्हणजे चेक, तास, सूर्यास्तापासून मोजलेले. सूर्यास्ताची वेळ रोज बदलते म्हणून ही पट्टीही वर्षभर मागेपुढे सरकत राहते. डिसेंबरात सूर्य चारच्या सुमारास मावळतो. त्यामुळे दुपारी बाराला काटा या पट्टीवर साधारण २० दाखवतो. २४ मधून तो आकडा वजा करा: चार तास उजेड शिल्लक. बाजार आवरून घरी पोचायचं असलेल्या माणसाला याहून उपयोगी घड्याळ कुठलं?

आतल्या निळ्या भागावर सोनेरी वक्र रेषा आहेत. त्या दिवसाचे बारा भाग करतात, सूर्योदय ते सूर्यास्त. पंचांग बघणाऱ्याला हे सांगायला नको, या आपल्या दिवसाच्या होरा. जूनमध्ये इथे एक भाग सुमारे ८० मिनिटांचा, डिसेंबरात सुमारे ४० मिनिटांचा. काट्यावरचा सूर्य कुठल्या रेषेपाशी आहे ते बघायचं. तो सूर्य काट्यावरून सरकतोही, उन्हाळ्यात बाहेर आणि हिवाळ्यात मध्याकडे. तो खालच्या काळ्या वर्तुळात गेला की पुरती रात्र.

सगळ्यात सुंदर भाग राशींच्या कड्याचा. कडं मध्यापासून बाजूला सरकवून बसवलेलं आहे. सूर्य ज्या चिन्हावर दिसतो ती त्याची रास, पण सायन, म्हणजे ऋतूंवरून मोजलेली; आपलं पंचांग निरयन, ताऱ्यांवरून मोजणारं. म्हणून २२ डिसेंबरला इथे सूर्य मकरेत असतो आणि आपली मकरसंक्रांत यायला अजून तीन आठवडे असतात. राशी जुळणार नाहीत, तिथी मात्र जुळते! तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर, आणि अंतराला सायन-निरयन काही नसतं. सूर्यापासून चंद्रापर्यंत राशींच्या क्रमाने (मेष, वृषभ, मिथुन...) किती राशी झाल्या ते मोजा, एका राशीला अडीच तिथी. दोघं एकाच जागी असतील तर अमावास्या, सहा राशी दूर असतील तर पौर्णिमा. फक्त नजरेने कोन मोजू नका, कारण कड्यावरच्या राशी लहानमोठ्या आहेत, राशीच मोजा. एखाद्या तिथीचा फरक पडू शकतो, कारण खरा चंद्र कधी जलद तर कधी हळू चालतो आणि घड्याळातला एकाच गतीने. चंद्राचा गोळा अर्धा रुपेरी, अर्धा काळा आहे. आतल्या वजनाच्या जोरावर तो स्वतःभोवती फिरत कला दाखवतो.

हे सगळं तीन मोठ्या चाकांवर चालतं. राशींच्या चाकाला ३६५ दाते, सूर्याच्या ३६६, चंद्राच्या ३७९. तिघांना फिरवणारं चालकचक्र सारखंच. फक्त दात्यांच्या फरकाने सूर्य रोज राशींच्या जरासा मागे पडतो आणि चंद्र सूर्याच्या पाऊण तासाहून थोडा जास्त. शाळकरी मुलांना हे कागदावर भागाकार करून दाखवा, त्यांना ते प्रेषितांपेक्षा जास्त आवडतं.

त्याच चौकात फरसबंदीत पितळेची एक पट्टी बसवलेली आहे, प्रागचं जुनं मध्यान्हवृत्त. चौकातला मेरीमातेचा स्तंभ १९१८ मध्ये पाडला होता, तो २०२० मध्ये पुन्हा उभा राहिला, आणि ऐन मध्यान्ही त्याची सावली पुन्हा या पट्टीवर येते. उन्हाळ्यात ती वेळ हातातल्या घड्याळात एकच्या आसपास असते, बाराला जाऊन थांबू नका. समोरच्या टीन चर्चमध्ये टायको ब्राहे या खगोलज्ञाची समाधी आहे.

बाकीचा शनिवार पुलावर आणि गल्ल्यांत गेला. चार्ल्स पूल सातच्या आत गाठा, दहानंतर तिथे नुसती ढकलाढकल. फरसबंदीवर लहान चाकांची बाबागाडी चालत नाही, तान्ह्याला झोळीत घ्या. ट्रामचं कागदी तिकीट पहिल्याच प्रवासात पिवळ्या यंत्रात छापून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. चौकात पैसे बदलून घेताना फसलात तर पावती जपा: १००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांत रद्द करता येतो. शाकाहारींनी सूप घेण्याआधी ते हाडांच्या पाण्यातलं आहे का हे विचारावं; वर मांस दिसत नसलं तरी खाली असतं. तळलेलं चीज सगळीकडे मिळतं, पण सलग तिसऱ्या जेवणाला ते खाववत नाही.

रविवारी किल्ल्यावर जायचं तर तिथलं सेंट विटस कॅथेड्रल पर्यटकांना दुपारी बारापर्यंत बंद असतं, हे कुणी आधी सांगत नाही. १३४४ मध्ये सुरू होऊन १९२९ मध्ये पुरी झालेली ही इमारत घाईत बघू नका, म्हणून परतीची बर्लिनची गाडी संध्याकाळचीच घ्या. ड्रेस्डेनपर्यंत एल्बे नदी उजव्या खिडकीत असते. येताना डावीकडे बसायचं.