बॅनरवर टेकोच पाहिजे!

गणपती जवळ आले की बडोद्याच्या दांडिया बाजारात फ्लेक्स लागायला लागतात, आणि मी फोटोंच्या आधी अक्षरं बघतो. आमच्या मंडळाच्या बॅनरला यंदा टेको बोल्ड लावलाय, इंडियन टाइप फाउंड्रीचा, गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो, आणि मला हा फॉन्ट भयंकर आवडतो.

यात 'व', 'ब' चं पोट बघा, गोल असायचं ते चौकोनी केलंय, कोपरे जरासेच घासलेले, त्यामुळे अक्षर अरुंद राहतं आणि 'सार्वजनिक गणेशोत्सव' एवढं लांबलचक प्रकरण मोठ्या साइजमध्ये एका ओळीत बसतं, रस्त्यापलीकडून पण वाचता येतं. पण हेच कार्यक्रमपत्रिकेत बारीक करून टाकलं की 'द्ध', 'ष्ट' मधली पांढरी जागा बुजते नि नुसता काळा ठिपका दिसतो, तिथे आपला साधा मुक्ता फॉन्ट बरा. आणि ओळींमध्ये जागा सोडा हो, वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या वेलांट्यांना धडकतात!

बडोद्यात खरी कसरत गुजरातीची, कारण टेकोमध्ये गुजराती नाहीच. देवनागरीत शिरोरेषेमुळे वर जाड पट्टा तयार होतो, गुजरातीला ती रेषाच नाही, म्हणून शेजारची गुजराती ओळ एकदम हलकी वाटते. मी तिथे मुक्ता वाणी या गुजराती फॉन्टचा एक्स्ट्राबोल्ड, म्हणजे खूप जाड प्रकार, घेतो आणि साइज थोडी वाढवतो, मग जोडी जमते.

हां, आणि प्रिंटरकडे फाइल देताना टेक्स्टचे कर्व्ह्ज करूनच द्या, म्हणजे अक्षरं नुसते आकार बनतात आणि फॉन्ट लागत नाही; नाहीतर त्याच्याकडे फॉन्ट नसला तर भलतंच काहीतरी छापून येतं.