साडेनऊची बस आणि एकच चर्च

इंग्लंडमध्ये आम्हाला बरीच वर्षं झाली, पण इथली जुनी चर्चेस खरी बघायला लागलो ते निवृत्तीनंतर. ह्यांच्या डोळ्यांच्या त्रासामुळे गाडी विकली आणि थोड्याच दिवसांत दोघांच्या हातात बसचे पास आले. तेव्हापासून केंब्रिजहून मिळेल ती बस नाहीतर ट्रेन, आणि एका दिवसात एकच चर्च.

सरकारी पेन्शनचं वय झालं की इथे राहणाऱ्याला हा पास मिळतो. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊनंतर इंग्लंडभर कुठल्याही लोकल बसला तो चालतो. शनिवार-रविवारी तर दिवसभर. ट्रेनला मात्र चालत नाही. त्यासाठी साठीनंतर सीनियर रेलकार्ड काढायचं, तिकिटावर एक तृतीयांश सूट मिळते. मुलांकडे चार महिने येणाऱ्या आईवडिलांनाही ते पासपोर्ट दाखवून काढता येतं. बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं, म्हणून मुद्दाम सांगते.

पहिल्यांदा जायचं तर ईलीला जा. केंब्रिजहून ट्रेनने पाव तास. सगळा मुलूख पाटासारखा सपाट, एके काळी दलदलीचा, आणि ईली त्यातल्या उंचवट्यावर. त्यामुळे गाव यायच्या कितीतरी आधी कॅथेड्रल खिडकीतून दिसायला लागतं. स्टेशनपासूनचा चढ हळूहळू चढलो तर आम्हाला वीस मिनिटं पुरतात.

ह्या कॅथेड्रलचं काम सुरू झालं १०८३ साली. १३२२ मध्ये मधला मनोरा कोसळला. तो होता तसा पुन्हा न उभारता, ॲलन ऑफ वॉल्सिंगहॅम ह्या मठातल्या साधूच्या देखरेखीखाली तिथे रुंद अष्टकोन उभा राहिला आणि त्यावर लाकडी लँटर्न, म्हणजे उजेडासाठी काचेच्या खिडक्या असलेला मनोरा, बसवला. त्यासाठी ओकचे आठ प्रचंड वासे लागले. इतकी मोठी झाडं शोधायला माणसं कुठे कुठे हिंडली असतील! खाली उभं राहून वर पाहिलं की माझी मान दोन मिनिटांत भरून येते, म्हणून खुर्चीत पाठ टेकून बसते. ढग सरकला की वरच्या काचांतून उजेड खाली उतरतो आणि लाकडावरचे रंग एकेक करून उजळतात. घाईत आलेली माणसं फोटो काढून निघून जातात. हा उजेड बदलताना पाहायचा तर निदान अर्धा तास बसायला हवं. आत जुन्या ओतीव लोखंडाच्या भल्यामोठ्या शेगड्या आहेत, डोक्यावर मुकुट असलेल्या. हिवाळ्यात आमची जागा त्यांच्याजवळ. आत जायला तिकीट आहे, पण संध्याकाळच्या गायन-प्रार्थनेला कुणीही बसू शकतं, पैसे लागत नाहीत. मुलांचे आवाज त्या उंचीवर जाऊन परततात, तेव्हा ह्यांचे हात आपोआप जोडले जातात.

खेड्यांतल्या चर्चेसना जाताना आधी परतीची शेवटची बस पाहायची, मग चर्च. कुठे तासाला एक, कुठे दिवसाला तीन. रविवारी बहुतेक ठिकाणी काहीच नाही. एका गावात आमची बस आलीच नाही. पावसात दीड तास चर्चच्या दारातल्या बाकावर बसून काढला. शेवटी फुलं बदलायला आलेल्या बाईंनी आत बोलावून चहा दिला.

स्वॉफम प्रायर गावात एकाच आवारात दोन चर्चेस आहेत, अगदी शेजारी शेजारी. त्यातलं एक आता उपासनेसाठी वापरत नाहीत, पण नीट जपलंय. दोन्ही मनोरे एकाच नजरेत मावतात. आपल्याकडे घाटावर देवळाला लागून देऊळ असतं, तशी जवळीक मला इथे ह्याच गावात दिसली.

आणि घंटा. गेल्या महिन्यात एका गावी शनिवारी गेलो तर मनोऱ्यात घंटा वाजवणारी मंडळी आलेली. ते असे गावोगाव फिरून वाजवतात. सहा जण गोल उभे, प्रत्येकाच्या हातात एक दोर. वर घंटा पुरती गोल फिरते आणि दर फेरीला क्रम बदलतो. मी नाशिकची. आमच्याकडे मोठ्या आवाजाच्या बाईला नारोशंकराची घंटा म्हणतात. गोदाकाठची ती घंटा चिमाजी आप्पांच्या १७३९ च्या वसईच्या विजयातली, म्हणजे मुळात चर्चचीच. लहानपणापासून पाहिलेली ती घंटा पूर्वी कुणी, कशी वाजवली असेल, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत कधी पडला नव्हता. तो त्या मनोऱ्याखाली पडला.

एका बाईंनी दोर माझ्या हातात दिला. पकडायच्या जागी लोकरीची जाड, लाल-पांढरी गुंडाळी असते. तिला त्यांच्या हाताची ऊब होती.

बस सुटायला बारा मिनिटं उरली होती. ह्यांनी घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कोट काढून परत बाकावर ठेवला. पुढची बस तासाभराने होती.