गोळी अडते कुठे?

"ताई, हीच गोळी परवा वीस मिनिटांत लागू पडली. काल मात्र दोन तास डोकं धरून बसले. कंपनीने माल बदलला का हो?"

सदाशिव पेठेतल्या औषधांच्या दुकानात मी १९ वर्षं काउंटरमागे उभी आहे आणि हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतोच. मागे चार माणसं खोळंबलेली असली की मी "जेवणावर घेतली असेल" एवढंच म्हणून सुटे पैसे मोजते. आज सवडीने विचारलंत म्हणून नीट सांगते.

माल तोच असतो. पोटात पडली की गोळी तिथूनच रक्तात उतरते, हा आपला समज चुकीचा आहे. डोकेदुखीवरचं पॅरासिटामॉल जठरातून जेमतेम शोषलं जातं. बहुतेक औषधांचं तेच. खरं शोषण पुढे, लहान आतड्यात होतं, कारण तिथल्या घड्यांमुळे औषधाला शिरायला भरपूर जागा मिळते. म्हणजे गोळी गिळली, विरघळली, तरी जठराच्या खालच्या दारातून सरकेपर्यंत तिचा उपयोग शून्य. खडकवासला धरण काठोकाठ भरलं म्हणून खाली नदीवरचा भिडे पूल पाण्याखाली जात नाही, विसर्ग सोडावा लागतो. तसंच.

साधं पाणी झटकन निघतं. ग्लासभर प्यायलात तर निम्मं १५-२० मिनिटांत पुढे गेलेलं असतं. पोळी-भाजीला तशी सूट नाही. ती घुसळून एक-दोन मिलिमीटरचे कण होईपर्यंत दार किलकिलंच राहतं. त्यात तूप-तेल असलं की आतडंच वर निरोप धाडतं, जरा दमानं. भरपेट जेवणाला तीन-चार तास सहज लागतात आणि गोळी त्या गर्दीत अडकते.

१९७३ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी हे पॅरासिटामॉलवरच दाखवून दिलं. जठर मंदावणारं औषध दिलं की पॅरासिटामॉल रक्तात उशिरा दिसायचं, जठर हलतं करणारं मेटोक्लोप्रमाइड दिलं की लवकर. एकूण किती शोषलं गेलं, त्यात मात्र फरक पडला नाही. हप्ता लांबला, बुडाला नाही. म्हणून रोजच्या बऱ्याच गोळ्यांना हा उशीर बाधत नाही. दुखण्यावरच्या गोळीला बाधतो, कारण तिथे आपण घड्याळ बघत बसलेलो असतो.

हे सगळं पाठ असून मी स्वतः फसले आहे. भाचीचं लग्न, कर्वे रस्त्यावरचं कार्यालय, मसालेभात, मठ्ठा, आग्रहाच्या जिलेब्या आणि पाठोपाठ अर्धशिशी. गोळी घेतली. तास झाला तरी ढिम्म. दुसरीसाठी पर्समध्ये हात घातला, तेव्हा कुठे आठवलं की पहिली अजून जिलेबीच्या मागे रांगेत असणार. शिवाय अर्धशिशीच्या झटक्यात जठर स्वतःच सुस्तावतं. म्हणूनच डॉक्टर कधीकधी जोडीला मेटोक्लोप्रमाइड लिहून देतात, ते उलटीही थांबवतं आणि जठरालाही ढकलतं. असो, दीड-दोन तासांनी पहिलीनेच काम केलं.

आता 'अनशापोटी'. हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरतात. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घेते म्हणणाऱ्या काकू चहा आणि दोन खारी मोजतच नाहीत. "चहाने काय पोट भरतं?" पोट भरत नसेल, पण गोळीच्या हिशेबात तो नाश्ताच. ती गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी आणि मग अर्धा ते एक तास काही नको.

दिवसभर भाकरवडी नाहीतर चिवडा तोंडात टाकणाऱ्यांचा प्रश्न निराळा. काही गोळ्यांवर असं आवरण असतं की त्या जठरात विरघळतच नाहीत, अख्ख्याच्या अख्ख्या पुढे जाव्या लागतात. जठर रिकामं असताना दर दीड-दोन तासांनी एक जोराची लाट येते आणि उरलंसुरलं झाडून नेते, तीच या गोळ्यांना बाहेर काढते. सतत चरत राहिलं तर ती लाट येतच नाही. गोळी उतरत नाही म्हणून कुटून देणारे भेटतात, त्यांना मी हात जोडते. आवरण फोडलं की त्याचा हेतूच गेला.

सगळ्यात जपावं लागतं ते पार्किन्सनच्या, म्हणजे हालचाली मंदावणाऱ्या कंपवाताच्या, लेव्होडोपा या गोळीला. ती जठरात रेंगाळली तर तिथेच थोडीथोडी वाया जाते. पुढे आतड्यात पोचली, तर डाळ, दूध, पनीरमधली प्रथिनं त्याच वाटेने आत शिरायला धडपडत असतात. त्यात या आजाराने जठर आधीच मंद. आमच्याकडे येणाऱ्या एका आजोबांची दुपारची गोळी 'लागायचीच नाही'. डोस वाढवायला हवा का, असं विचारायला सूनबाई आल्या. मी विचारलं, गोळी कधी देता? वरण-भात-तूप झाल्यावर, आठवणीने. त्यांना म्हटलं, डोस राहू द्या, आधी डॉक्टरांना ही वेळ सांगा. डॉक्टरांनी ती जेवणाआधी अर्धा तास केली. आता आजोबा बहुतेक दुपारी जेवणाचं ताट स्वतः उचलून ठेवतात.

परवा ते स्वतःच काठी टेकत आले. "संकष्टीला प्रश्न नाही ना? उपासच असतो."

"साबुदाण्याची खिचडी खाता?"

"दाण्याचं कूट घालून, साजूक तुपातली."

"मग आजोबा, गोळी खिचडीच्याही आधी."