ओळखीचं औषध

काकांना दोन वर्षांपूर्वी आर-चॉप या केमोच्या 6 सायकल (फेऱ्या) झालेल्या, तेव्हा त्यातलं शिरेतून द्यायचं रिटुक्सिमॅब हे औषध सहाही वेळा विनातक्रार गेलं होतं. म्हणून लिम्फोमा, म्हणजे लसिका गाठींचा कॅन्सर, परत आल्यावर आर-आइस या दुसऱ्या केमोच्या पहिल्या दिवशी पुन्हा रिटुक्सिमॅबच लावताना ते मला म्हणाले, "सिस्टर, हे ओळखीचं औषध आहे, जोरात सोडा." खरं सांगते, माझ्याही मनात तेच होतं. पण डॉक्टरांनी फाइलवर लिहिलेलं, पहिल्या डोससारखंच द्यायचं, तासाला 50 मिलिग्रॅमने सुरू आणि दर अर्ध्या तासाने 50 वाढवायचे. मानेतल्या गाठी तर इतक्या वाढल्या होत्या की शर्टाचं वरचं बटण लागत नव्हतं.

पॅरासिटामॉल, अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन, स्टिरॉइड सगळं आधी दिलेलं, तरी 150 वर नेलं आणि दहा मिनिटांत काका म्हणाले थंडी वाजतेय, मी ब्लँकेट आणेपर्यंत अशी हुडहुडी भरली की पलंगाचा कठडा खडखडायला लागला. ताप 102, वरचं बीपी 84. पंप बंद केला, डॉक्टरांना हाक मारली, सलाइन जोरात सोडलं, ऑक्सिजन, हायड्रोकॉर्टिसोन, मग पेथिडिन दिल्यावर कुठे अंग थरथरायचं थांबलं. मुलगी पूर्ण वेळ त्यांचे पाय घट्ट धरून उभी होती.

नंतर डॉक्टरांनी तिला समजावलं. रिटुक्सिमॅब बी पेशींवरच्या, म्हणजे ज्या पांढऱ्या पेशींचा हा आजार आहे त्यांच्यावरच्या, सीडी20 नावाच्या प्रथिनाला चिकटतं आणि शरीराच्या स्वतःच्या संरक्षक पेशींना त्यांच्यावर सोडतं, आजार जास्त असेल तर एकदम खूप पेशी फुटतात आणि त्यातून निघणाऱ्या रसायनांनी हे सगळं होतं. मागच्या वेळी शेवटच्या डोसपर्यंत गाठी उरल्याच नव्हत्या, आता अंगात आजार भरलेला. औषध तेच होतं पण काकांचं शरीर तेव्हाचं नव्हतं, हे मला तिथे उभं राहून कळलं.

"बंदच करायचं का मग?" मुलीने विचारलं. तर नाही, केमो एकीकडून मारते आणि हे दुसरीकडून, म्हणून दोन्ही हवंच. सगळं शांत झाल्यावर निम्म्या स्पीडने, 75 वर परत लावलं आणि मी स्टूल घेऊन शेजारीच बसले. संपायला रात्र झाली.

दुसऱ्या दिवशी केमोची औषधं, कार्बोप्लॅटिन आणि 24 तासांचं आयफॉस्फमाइड, सोबत मूत्राशय जपायला मेस्ना. दर वेळी लघवीत रक्त आहे का बघायचं आणि गप्पा मारत राहायचं, कारण आयफॉस्फमाइडने माणूस गोंधळतो, असंबद्ध बोलायला लागतो. काका मात्र माझी ड्युटी कधी संपते तेही बरोबर सांगत होते.

चौथ्या दिवशी सकाळी मी कॅन्युला काढायला गेले तर शर्ट घालून तयार बसलेले, वरचं बटण लावलेलं.